चिंगीचं पोट आणि तुमची झोप

ताई,
आमची चिंगी सहा वर्षांची लॅब्रॅडॉर. सात महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे काढून तपासले, तेव्हा तिला आयबीडी, म्हणजे आतड्यांना कायमची सूज असल्याचं कळलं. त्याआधी चार महिने जुलाब, उलट्या, पोटात गुडगुड चालूच होतं. २८ किलोची होती, आता २४ भरते. डोक्याची हाडं हाताला लागतात. डॉक्टरांनी पथ्याचं खाणं दिलं होतं, ते पाच दिवस घातलं, काही फरक नाही. मग प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड सुरू झालं आणि ती एकदम छान झाली. मागच्या महिन्यात दोन आठवडे शी घट्ट होती, म्हणून मीच गोळ्या बंद केल्या. स्टेरॉईडची भीती वाटते मला. अकरा दिवसांपूर्वी दुखणं पुन्हा उलटलं. डॉक्टरांनी गोळ्या परत चालू केल्यात. रोज रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. सासरे तिला हळूच बिस्किटाचा तुकडा देतात, बोललं की त्यांना वाईट वाटतं. हे म्हणतात, 'आणखी किती दिवस?' दर वेळी बिघडलं की मी आठवत बसते, काल काय दिलं, काय चुकलं. माझं नेमकं कुठे चुकतंय? आणि तिला अशा त्रासात ठेवणं बरोबर आहे का?
(नाव छापू नये, ही विनंती.)

नाव छापत नाही, निश्चिंत राहा.

तुम्ही सरळ विचारलंत, तर सरळच सांगते. एका ठिकाणी चुकलं. गोळ्या आपल्या मनाने बंद केल्यात, ते. बाकी ज्या गोष्टींसाठी तुम्ही स्वतःला दिवसभर फैलावर घेता, त्यातल्या बहुतेक तुमच्या हातातल्याच नाहीत. हे दुखणं काहीही न चुकताही उलटतं. मी डॉक्टर नाही, पण आमच्या बंड्या कुत्र्याबरोबर याच आजारात साडेसात वर्षं काढली आहेत. पहिलं वर्षभर मीही तुमच्यासारखीच कालच्या वाडग्यात गुन्हेगार शोधत होते.

आधी गोळ्यांचं बोलू. कुत्र्याला आठवड्यांमागून आठवडे बाहेरून स्टेरॉईड मिळत गेलं, की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपलं स्वतःचं बनवणं जवळजवळ थांबवतात. गोळी एकदम बंद झाली तर शरीराकडे ना बाहेरचं, ना घरचं. कुत्रं गळून जातं, उलट्या होतात, कधी कोसळतं. चिंगीचं एवढ्यावर निभावलं. म्हणून हे औषध पायरीपायरीने उतरवायचं असतं, आणि प्रत्येक पायरीवर काही आठवडे थांबून पाहायचं असतं. उतरवताना एखाद्या पायरीवर दुखणं डोकं वर काढतं. ती पायरी कोणती, हे कळणं फार मोलाचं आहे, कारण त्याच्या किंचित वरचा डोस तिला पुरतो, असा त्याचा अर्थ. एकदम बंद केल्यामुळे ती माहिती हातची गेली. आता परत मिळवता येईल. तुमची भीती मात्र खोटी नाही, म्हणून ती डॉक्टरांजवळ बोला. 'मला हिला कमीत कमी डोसवर आणायचंय, ते कसं करता येईल?' एवढं विचारलंत की कुठलाही चांगला डॉक्टर मनापासून उत्तर देतो. स्टेरॉईड नकोच झालं किंवा पुरेनासं झालं, तर त्याच्या जोडीला किंवा जागी देण्याची सायक्लोस्पोरिनसारखी औषधंही आहेत. आणखी एक: प्रेडनिसोलोन चालू असताना घरातली कुठलीही वेदनाशामक गोळी तिला द्यायची नाही, लंगडत असली तरी नाही. त्या दोन्हींनी मिळून पोटात जखमा होतात, कधी भोकही पडतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला लगेच खटकली. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं म्हणता, पण ती कशासाठी उठवते हे लिहिलेलं नाही. जुलाबासाठी, की लघवीसाठी? प्रेडनिसोलोनने तहान प्रचंड वाढते, तेवढीच लघवी वाढते, भूक तर इतकी की कुत्रं कचऱ्याचा डबा उलटवतं. बंड्या उठवायचा तेव्हा मी झोपेतच दार उघडून परत आडवी व्हायचे आणि सकाळी वहीत लिहायचे, 'रात्री तीनदा जुलाब.' एका रात्री टॉर्च घेऊन त्याच्या मागे गेले. तिन्ही वेळा नुसती लघवी. मी आठवडाभर डॉक्टरांना चुकीची बातमी देत होते, आणि तिच्यावरून डोस वाढवायचं चाललं होतं. तेव्हा आज रात्री टॉर्च घेऊन जा. लघवी असेल तर दिवसाची गोळी सकाळच्या खाण्याबरोबर देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. झोपायच्या आधी एक शेवटची फेरी मारा. पाणी मात्र कधीही उचलून ठेवू नका. जुलाब असतील तर ती वेगळी गोष्ट आणि ती लगेच कळवायची. डोक्याची हाडं लागतात त्याचंही असंच आहे. आजाराने माणसासारखंच कुत्रंही वाळतं, पण स्टेरॉईडनेही डोक्यावरचे आणि पाठीवरचे स्नायू झिजतात. दोन्हींचे उपाय वेगवेगळे, म्हणून डॉक्टरांना नुसतं 'बारीक झालीय' न सांगता हात लावून दाखवा.

आता खाण्याकडे येते, कारण माझ्या मते चिंगीची सगळ्यात मोठी आशा तिथे आहे आणि तीच तपासून पाहायची राहिली आहे.

पाच दिवस म्हणजे काहीच नाही. जुन्या खाण्यातून नव्यावर आणण्यातच चार-पाच दिवस जातात. म्हणजे तुमचा प्रयोग फसला असं नाही, तो झालाच नाही. ज्या कुत्र्यांना पथ्य लागू पडतं, त्यांच्यात बहुतेक वेळा दोन आठवड्यांत फरक दिसतो. आणि अशी कुत्री थोडीथोडकी नाहीत. जुनाट जुलाब-उलट्यांच्या कुत्र्यांपैकी निम्मी, किंबहुना त्याहून जास्त, केवळ खाणं बदलल्यावर सुधारतात. तुम्हाला वाटेल, चिंगीचा तर तुकडा काढून तपासलाय, तिला सूज आहे हे ठरलंय, मग खाण्याने काय होणार? पण सूक्ष्मदर्शकाखाली ती सूज सारखीच दिसते. खाण्याने बरी होणारी कोणती आणि औषध लागणारी कोणती, हे तुकडा सांगत नाही. ते दोन आठवडे नीट पथ्य पाळूनच कळतं. एक खाणं लागू पडलं नाही तर दुसऱ्या प्रकारचं करून पाहतात, कधी तिसरंही. आता गोळ्या चालू असताना हे कधी आणि कसं सुरू करायचं, ते डॉक्टर ठरवतील, पण विषय तुम्हीच काढा.

पथ्याचे मुख्य प्रकार दोन. एकात असं प्रथिन असतं जे तिने आयुष्यात कधी खाल्लेलं नाही. त्यासाठी आजवर तिने काय काय खाल्लंय, याची आठवून यादी करावी लागते. दुसऱ्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराच्या प्रतिकारशक्तीला ते ओळखूच येत नाही. त्याला हायड्रोलाइज्ड म्हणतात, पिशवीवर हाच शब्द शोधा. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी असेल तर कमी चरबीचं खाणं सांगतात, पण ते डॉक्टरांनीच सांगायचं. घरी शिजवून घालायची इच्छा असेल तर पशू-आहारतज्ज्ञाकडून नीट मापं लिहून घ्या. अंदाजाने महिनोन्महिने शिजवलं तर कॅल्शियमसारख्या गोष्टींची वाण पडते.

आणि म्हणूनच ते बिस्कीट. प्रथिनाचे बारीक तुकडे करून आपण प्रतिकारशक्तीला गाफील ठेवलेलं असतं, आणि बिस्किटातून अख्खं प्रथिन तिच्या समोर जाऊन उभं राहतं. किती मोठं बिस्कीट, हा प्रश्नच येत नाही. दोन आठवड्यांच्या प्रयोगात एक तुकडा गेला तर पथ्य चुकीचं की पाळणं चुकीचं, हेच कळत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बिस्कीट तरी डोळ्यांना दिसतं. न दिसणाऱ्या गोष्टी जास्त असतात: मांसाच्या चवीची जंताची किंवा गोचिडांची गोळी, कुत्र्यांची टूथपेस्ट, चघळायचं हाड, घरातल्या दुसऱ्या प्राण्याचा वाडगा, लहान मुलाच्या हातातून सांडलेलं. गोचिडांची गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांकडून बिनचवीचा पर्याय मागायचा.

गोळी कशात लपवायची, हा पुढचा प्रश्न येईलच. तिच्याच पथ्याचे आठ-दहा दाणे कोमट पाण्यात भिजत घाला. दहा मिनिटांनी बोटांनी कुस्करले की कणकेसारखा गोळा होतो. त्याच्या तीन गोळ्या करा, बोराएवढ्या. पहिली रिकामी, दुसरीत औषध, तिसरी रिकामी. तिसरी समोर दिसली की दुसरी ती न चावताच गिळते. बंड्याने औषध बाहेर काढून टाकायचं सोडलं ते याच युक्तीने.

सासऱ्यांशी मात्र भांडू नका. ते तिचं वाईट करायला बिस्कीट देत नाहीत, दिवसातून एकदा ती आपल्याकडे आशेने बघते, ते सुख त्यांना हवंय. ते काढून घेतलंत तर ते चोरूनच देणार. त्यापेक्षा रोज सकाळी तिच्या दिवसभराच्या मापातले मूठभर दाणे एका छोट्या डब्यात काढून त्यांच्या हातात द्या. 'बाबा, हा तिचा खाऊ. हा फक्त तुम्हीच द्यायचा.' खरं सांगते, चिंगीला बिस्कीट आणि दाणा यांत काही फरक वाटणार नाही. हातातून मिळतंय, यातच तिला सगळं आलं. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर न्या. सुनेने सांगितलेलं पथ्य आणि डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं पथ्य यांत फरक असतो. हे तुम्हाला लागेल, पण घराघरांतलं सत्य आहे.

वही ठेवता का? पत्रावरून वाटतं, सगळं डोक्यात ठेवताय, म्हणूनच रात्रभर ते डोक्यात फिरतं. कुत्र्यांच्या या आजारासाठी २००३ साली पशुवैद्यांनी एक गुणपद्धत प्रसिद्ध केली. ती मी बंड्यासाठी वापरायचे. सहा गोष्टींना शून्य ते तीन गुण द्यायचे: उत्साह, भूक, उलट्या, शीचा घट्टपणा, शीच्या खेपा, वजनातली घट. शी किंचित मऊ असेल तर एक, फार मऊ तर दोन, पाण्यासारखी तर तीन. उलटी आठवड्यातून एकदा झाली तर एक, दोन-तीनदा झाली तर दोन, त्याहून जास्त तर तीन. वजन पाच टक्क्यांपर्यंत उतरलं तर एक, दहापर्यंत दोन, पुढे तीन. बेरीज तीनपर्यंत असेल तर आजार निजलेला आहे, चार-पाच म्हणजे सौम्य, सहा ते आठ मध्यम, नऊ किंवा जास्त म्हणजे जोरात. चिंगीचं वजन २८ वरून २४, म्हणजे चौदा टक्क्यांच्या आसपास उतरलंय, तिथेच तिचे तीन गुण झाले. रात्री झोपताना लिहायला दोन मिनिटं पुरतात. शेजारी दिवसाचा डोस आणि काही वेगळं घडलं असेल तर ते लिहा. शीचं बारकाईने लिहा: थोडी थोडी, वारंवार, आव पडून, ताजं लाल रक्त दिसून होते तेव्हा त्रास बहुधा मोठ्या आतड्याचा असतो, मोठ्या मोठ्या पातळ खेपा होतात आणि वजन उतरतं तेव्हा लहान आतड्याचा. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो. फोटो काढून ठेवलात तर त्याहून. आणि आठवड्याला एकदा, ठरलेल्या दिवशी, दवाखान्यातल्या काट्यावर फक्त वजनासाठी तिला घेऊन जा. नुसतं वजन करून परत आलं की तिला तिथली भीतीही उरत नाही.

एक महिन्याच्या नोंदी झाल्या की तुम्हाला दिसेल, जी वाईट सकाळ तुम्हाला सगळं संपल्यासारखी वाटली होती, ती वहीत सहाचा आकडा आहे आणि तिसऱ्या दिवशी परत चार आहे. मला त्या आकड्यांनी झोप परत दिली. दोन दिवस मऊ शी म्हणजे आजार उलटणं नव्हे. चार-पाच दिवस बेरीज चढत राहिली, तर फोन करायचा.

पुढच्या भेटीत चार गोष्टी विचारा. रक्तातलं बी-१२ तपासलंय का? लहान आतडं सुजलं की ते शोषलं जात नाही, आणि ते कमी असेल तर बाकीचे उपचारही नीट लागू पडत नाहीत. ते इंजेक्शनने किंवा गोळीने भरून काढता येतं. दुसरं, अल्ब्युमिन किती आहे? या आजारात पुढचा अंदाज ज्या आकड्यांवरून बांधतात, त्यातला हा मोठा. तिसरं, शी जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीसाठी तपासायची का? जुना आजार असलेल्या पोटात नवा जंतू शिरू शकतो आणि आपण आजार उलटला म्हणून डोस वाढवत बसतो. चौथं, खाण्याचा दुसरा प्रयोग. अँटिबायोटिकबद्दल मात्र सावध राहा. पूर्वी मेट्रोनिडाझोल सर्रास द्यायचे, बंड्यालाही एका दवाखान्यात दर उलटण्याला त्याचाच कोर्स मिळायचा. आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं त्याने नुकसान होतं हे आता कळलंय, म्हणून 'हे नेमकं कशासाठी?' असं नम्रपणे विचारायला हरकत नाही.

काही लक्षणांत मात्र वही बाजूला ठेवून त्याच रात्री निघायचं. डांबरासारखी काळी शी. पाणीही पोटात न टिकणं. पोट फुगणं किंवा पाय सुजणं, कारण प्रथिनं गळायला लागली की पाणी असं साठतं. झोपेत मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास. अचानक उभं राहता न येणं. स्टेरॉईडवर असूनही दिवसभर खाण्याकडे न बघणं, हेही त्यातच धरा.

आता तो प्रश्न, जो तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलात, पण ज्यासाठी पत्र लिहिलंत असं मला वाटतं.

तिला ठेवणं बरोबर आहे का, हे आज विचारण्याची वेळ नाही. सात महिन्यांत तिचं पथ्य एकदाही पुरतं झालेलं नाही, गोळी एकदाही नीट उतरवलेली नाही, आणि तरीही ती गोळीवर 'एकदम छान' झाली होती, हे तुमचेच शब्द. उपचार हरलेले नाहीत, ते अजून पुरते झालेच नाहीत. सगळीच कुत्री सावरतात असं मी म्हणणार नाही. काहींचं आतडं कशालाच दाद देत नाही, आणि तेव्हा हा प्रश्न विचारावाच लागतो. तो विचारायचा तेव्हाही मनाने नको, नोंदीवरून विचारा. वहीत रोज एक खूण करा: आज ती स्वतःहून उठून दाराशी आली का, शेपटी हलली का, तुमच्याकडे येऊन टेकली का. महिन्यातले वाईट दिवस चांगल्यांहून जास्त व्हायला लागले आणि डॉक्टरांकडे करण्यासारखं उरलं नाही, तर त्यांच्याशी मोकळेपणी बोला. आणि तेव्हा निर्णय घेतलात तर तोही प्रेमानेच घेतलेला असेल. पण आज नाही.

यांचं 'किती दिवस' मला कठोर वाटलं नाही. दमलेल्या माणसाचा प्रश्न आहे तो, आणि त्याचं खरं उत्तर द्या: कायमचं. ती आयुष्यभर पथ्यावर असेल, कदाचित छोट्याशा गोळीवर असेल. आत्ता चालू आहे तशी धावपळ मात्र कायमची नाही. बसवलेल्या घडीत आमचे महिनेच्या महिने असे जायचे की बंड्या आजारी आहे हे पाहुण्यांना सांगावं लागायचं. एवढं सांगून झालं की रात्री वाटून घ्या. रोज दोघांनी अर्धवट जागण्यापेक्षा एक रात्र तुमची, एक त्यांची. ज्याची रात्र नाही त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं आणि कितीही आवाज आला तरी उठायचं नाही. चिंगीचं अंथरूण दाराजवळ आणा, वाटेतल्या वस्तू हलवा, एक मंद दिवा लावून ठेवा, धुता येईल अशी चादर तिच्याखाली घाला. शेपटीखालचे केस कापून घेतलेत तर कोमट पाण्याच्या मऊ फडक्याने टिपलं की झालं, मध्यरात्री अंघोळ घालावी लागत नाही. घरात झालंच तर तिला रागावू नका. तिला थांबवता आलं असतं तर ती थांबली असती.

आज रात्र यांच्याकडे द्या. टॉर्च त्यांच्या उशाशी ठेवा, आणि काय पाहायचंय ते झोपायच्या आधी सांगून ठेवा.